कॅथलिक पॅरिश की सीएनआय मंडळी?

लग्नानंतर मुंबईत आलेल्या, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट अशा जोडप्यांना हा प्रश्न हमखास पडतो: कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या कॅथलिक चर्चमध्ये, नाव घालायचं की सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीत?

आधी कागद. कॅथलिक पॅरिश पत्त्यावरून ठरतं. नोंदणीला स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, दाखला लागतो. प्रोटेस्टंट व्यक्ती कॅथलिक झाली, तर वैध बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. शिकवणीनंतर चर्चमध्ये स्वीकार आणि दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) होतं. लोक अडकतात ते जुना दाखला न सापडल्यामुळे. म्हणून मूळ मंडळीकडे आधीच अर्ज करा. १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात जुन्या मंडळीचं पत्र आणा, पाळकांना भेटा. तिथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत.

प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं, मात्र आधीच समजून घ्या: मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) ख्रिस्तप्रसाद, म्हणजे हेच प्रभुभोजन, सहसा कॅथलिकांनाच मिळतो, प्रोटेस्टंट जोडीदार रांगेत उभा राहिला की अवघडल्यासारखं होतं. सीएनआयमध्ये इतर मंडळ्यांच्या सभासदांना सहसा मज्जाव नसतो.

भाषा? वेळापत्रक बघा, मराठी उपासना सगळीकडे नसते.

रोज मिस्सा हवी, घराजवळ हवी, तर पॅरिश. दोघांनी एकत्र प्रभुभोजन घ्यायचं आणि कारभारी समितीवर सभासदांनी निवडून दिलेली माणसं हवीत, तर सीएनआय.