एकच पाळणाघर, दोन स्वभावांची मुले

पाळणाघर निवडताना बहुतेक पालक स्वच्छता, शुल्क आणि घरापासूनचे अंतर पाहतात. आम्हीही तेवढेच पाहिले होते; परंतु कोथरूडमधील ज्या घरगुती पाळणाघरात आमची दोन्ही मुले वाढली, त्याची खरी गुणवत्ता धाकट्याच्या वेळी कळली. मोठी मुलगी तेथे लगेच रुळली होती. मुलगा मात्र बरेच दिवस चपला न काढता दाराशी बसून राही. संचालिकाबाईंनी त्याला ओढून घोळक्यात नेले नाही, की 'तुझी ताई बघ कशी खेळायची' असेही कधी ऐकवले नाही. एक मावशी त्याच्याजवळ बसून मटार सोलत, आणि हळूहळू तोही शेंगा सोलू लागला.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या, मुलांच्या स्वभावाच्या दीर्घ अभ्यासाचा रोख हाच होता: काही मुले नव्याशी चटकन जुळवून घेतात, काही बिथरतात, काही सावकाश सैलावतात, आणि पुढची वाटचाल केवळ स्वभावावर नव्हे, तर त्या स्वभावाशी मोठ्यांच्या अपेक्षांचा मेळ बसतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. येथील मावशींनी हा अभ्यास वाचलेला नसावा; त्यांचे वागणे मात्र त्याला धरून आहे.

खेळण्यांत चिंचोके, शंख, नारळाच्या करवंट्या आणि कापडी बाहुल्या आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षणाची साधने घडवली, त्या परंपरेशी हे नाते सांगते. चिंचोक्यांसारख्या बारीक वस्तू अगदी लहान मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून त्या वरच्या फळीवर असतात, हेही नोंदवायला हवे.

उणीव संध्याकाळची आहे. शाळेतून मोठी मुले आली की दोन खोल्या अपुऱ्या पडतात आणि सर्वांना एका जागी बसवण्यासाठी टीव्ही लावला जातो. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले आहे. ती मर्यादा येथे पाळली जाते असे मला वाटत नाही. मुलीला तो गलबला आवडे, मुलगा मात्र त्याच गोंगाटाने घरी येईपर्यंत चिडचिडा झालेला असे. आम्ही तक्रार केल्यावर त्याला आतल्या खोलीत चित्रे काढत बसू देऊ लागले, पण टीव्ही काही बंद झाला नाही.

शुल्क आसपासच्या पाळणाघरांपेक्षा थोडे जास्त आहे. बुजऱ्या मुलाच्या पालकांनी सुरुवातीला अर्धा दिवसच ठेवण्याची विनंती करावी, ती मान्य होते. आणि शक्य असल्यास मोठी मुले येण्यापूर्वीच त्याला घरी न्यावे.