गुडघ्याला काय लावावं: कॉम्फ्री, मिरची, अर्निका की गंधपुरा?

गुडघ्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, कुठल्याही मलमाने भरून येत नाही. जिना उतरताना येणारी कळ कमी व्हावी, एवढीच अपेक्षा मलमाकडून ठेवावी.

माझी पहिली पसंती कॉम्फ्री या वनस्पतीला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे २२० रुग्ण होते. काहींना कॉम्फ्रीचं मलम दिलं, काहींना औषध नसलेलं. तीन आठवड्यांत कॉम्फ्री लावणाऱ्यांचं दुखणं स्पष्टपणे कमी झालं. पण या वनस्पतीत अल्कलॉइड नावाची यकृताला घातक रसायनं असतात. ती पोटात घ्यायची नाही, खरचटलेल्या कातडीवर लावायची नाही आणि महिनोन्‌महिने चोळत राहायचं नाही.

मिरचीतलं कॅप्सेसिन चिकाटी मागतं. वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंची टोकं ते पुन्हापुन्हा डिवचतं, मग ती हळूहळू बधिर होतात. म्हणून ०.०२५ टक्क्यांचं क्रीम दिवसातून तीन-चार वेळा, नेमाने, काही आठवडे लावावं लागतं. सुरुवातीला चांगलीच आग होते, आणि नेमकं तेव्हाच लोक ते सोडून देतात. लावल्यावर हात साबणाने धुवा; तेच बोट डोळ्याला लागलं तर हाल होतात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी याची सशर्त शिफारस केली, हाताच्या सांध्यांसाठी मात्र नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात मिरचीच्या अर्काचं जेल फारसं उपयोगी दिसलं नव्हतं. त्यामुळे माझ्या मते त्याचा नंबर दुसरा.

अर्निका या फुलझाडाचं नाव मोठं आहे. तिचं जेल आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या जेलच्या तोडीस तोड ठरलं हे खरं, पण ती चाचणी बोटांच्या सांध्यांवर होती. गुडघ्याबद्दलचा पुरावा तोकडा आहे. काहींना पुरळही येतं.

गंधपुऱ्याच्या तेलाने घटकाभर बरं वाटतं, तेवढंच. त्यातलं मिथिल सॅलिसिलेट कातडीतून रक्तात उतरतं, म्हणून वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते टाळा.

वनस्पतीचाच आग्रह नसेल, तर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जेलमागे या चारही उपायांपेक्षा भक्कम पुरावा आहे. त्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. काहीही निवडलं तरी एका वेळी एकच लावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. गुडघा लाल, गरम होऊन अचानक सुजला, तर मलम बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा.