स्वस्तातली स्ट्रॅट, एक हंबकर आणि मांडवातला हम: काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची म्हणजे एका बैठकीत सगळं आलं. गणेशवंदनेनं सुरुवात, मग एखाद-दुसरं भावगीत, मग कन्नड सिनेमातली गाणी, मग हिंदी, आणि पार्टी गोव्याकडची असेल तर कोकणीसुद्धा. दहाला माईक बंद करायचा असतो, त्यामुळे सव्वानऊपासून पोरांचा धिंगाणा आणि आमचं डिस्टॉर्शन. दोन गिटारी नेल्या तरी मधे बदलायला वेळ कोण देतो? कीबोर्डवाल्याचं बरं असतं, एक बटण दाबलं की झालं.

म्हणून एकाच गिटारीतून सगळं काढायचं ठरवलं. गिटार साधीच, दहा-बारा हजारांच्या घरातली, स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) आकाराची. ब्रँड सांगत नाही, कारण या किमतीत वरचं नाव वेगळं असलं तरी आतला माल बहुतेक सारखाच निघतो: सिरॅमिक मॅग्नेटचे तीन सिंगल कॉइल पिकअप (स्ट्रिंगचं कंपन पकडणारी, चुंबकाभोवतीची एकेक गुंडाळी), छोटे पॉट (व्हॉल्यूम-टोनचे फिरते नॉब) आणि पिकअप निवडायचा हलका पाच खटक्यांचा स्विच. नेक मात्र माझ्या हाताला चांगली बसलेली. नेक आवडली असेल तरच असल्या गिटारीवर पैसे घालावेत. आवडली नसेल तर विकून मोकळं व्हावं, पिकअप बदलून नेक सुधारत नाही.

आता केलं काय ते. ब्रिजचा, म्हणजे स्ट्रिंगा खाली अडकतात तिथला, सिंगल काढून तिथं हंबकर (दोन कॉइलचा, घूंकार म्हणजे हम मारणारा पिकअप), मधला आणि नेकजवळचा मूळचाच. म्हणजे एचएसएस, हंबकर-सिंगल-सिंगल. नेकलाही हंबकर टाकायचा मोह झाला होता, पण भावगीताला आणि कन्नड मेलडीला नेक-मधला एकत्र लावल्यावर जो काचेसारखा टणत्कार येतो तो गमवायचा नव्हता. स्ट्रॅट 1954 साली आली तेव्हा तिला तीनच खटक्यांचा स्विच होता. वाजवणारे तो दोन खटक्यांच्या मधे अडकवून हा आवाज काढायचे, आणि फेंडरनं पाच खटक्यांचा स्विच दिला तो थेट 1977 मध्ये. तो आवाज ज्याला हवा त्यानं नेकचा सिंगल राखून ठेवावा.

हंबकर घेताना एकच अट ठेवली, चार तारांचा हवा. स्वस्त हंबकरला बाहेर एक तार आणि एक जाळी एवढंच असतं, त्यात दोन्ही कॉइल आतल्या आत जोडून बंद केलेल्या असतात. चार तारा बाहेर आल्या की प्रत्येक कॉइलची दोन टोकं हातात येतात आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होते. रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. सेमूर डंकनमध्ये काळी तार हॉट, हिरवी ग्राउंड, आणि लाल-पांढरी एकत्र जोडायची. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, आणि काळी-पांढरी एकत्र. कंपनीचा नकाशा समोर ठेवूनच सोल्डरिंगला बसा. दुसरं म्हणजे फार तापट, म्हणजे फार जोरदार आवाजाचा, पिकअप घेऊ नये. चौदा-सोळा किलोओहमचा हंबकर लावला की शेजारचे सिंगल त्याच्यापुढे मुके वाटतात. माझा आठच्या आसपास भरतो, अल्निको पाच जातीच्या चुंबकाचा आहे. स्विच फिरवला तर आवाजाची उडी जाणवते, पण साउंडवाल्याला फेडरकडे धावावं लागत नाही.

पिकगार्डची, म्हणजे पिकअप ज्यावर बसतात त्या प्लास्टिकच्या पत्र्याची, अडचण होती. ऑनलाइन मिळणाऱ्या एचएसएस पिकगार्डची भोकं या गिटारीला जुळत नव्हती. शेवटी नंबरप्लेट आणि दुकानांचे बोर्ड करणाऱ्याकडे जुनं पिकगार्ड नेऊन ठेवलं. बोर्डावर 60 टक्के कन्नडचा नियम कडक झाल्यापासून या लोकांना मान वर करायला फुरसत नाही, त्यामुळे आमचं काम मागे पडत गेलं. पण लेझरनं कापून आलं ते अगदी चोख. जाडी तेवढी आधी सांगा. मूळचं पिकगार्ड सव्वादोन-अडीच मिलिमीटरचं असतं, त्यांच्याकडचा अॅक्रिलिक शीट तीनचा. स्क्रू थोडे लांब लागतात, बाकी काही अडत नाही.

पॉटचं गणित जरा समजून घ्या, कारण आवाजात खरा फरक इथं पडला. सिंगल कॉइलला 250 किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट चालतो, हंबकरला 500 चा. 250 ठेवला तर हंबकर घोंगडी पांघरल्यासारखा वाजतो, 500 ठेवला तर सिंगल कानात टोचतात. पाच खटक्यांच्या स्विचला दोन बाजू असतात. एका बाजूनं पिकअप निवडले जातात, दुसरी बाजू टोनसाठी असते. मी टोन सगळ्यांना मिळून एकच ठेवला आणि ती दुसरी बाजू मोकळी करून घेतली. तिथं मधल्या आणि नेकच्या पिकअपच्या खटक्यांवर 470 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला सोडला. हंबकर एकटा असताना पॉट पूर्ण 500 चा राहतो, सिंगल आले की रेझिस्टर मधे येतो आणि भार साधारण 242 वर उतरतो. रेडिओच्या सामानाच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळणारी वस्तू, पण पूर्ण कामातला सगळ्यात जास्त पैसे वसूल झालेला भाग म्हणजे हाच.

दोन्ही टोन पॉटच्या जागी आता पुश-पुल आहेत, म्हणजे नॉब वर उपसला की स्विचचं काम करणारे पॉट. एक उपसला की नेकचा पिकअप कुठल्याही खटक्यावर सामील होतो. पाच खटक्यांत नेक आणि ब्रिज एकत्र कधी मिळत नाहीत, ते यानं मिळतात. दुसऱ्याची गोष्ट जरा वेगळी आहे.

बहुतेक जण दुसऱ्या पुश-पुलवर कॉइल स्प्लिट घेतात, म्हणजे हंबकरची एक कॉइल बंद करून त्याचा सिंगल करायचा. मी ते घेतलं नाही, दोन्ही कॉइल सिरीजमधून (एकीमागे एक) पॅरलल (शेजारी-शेजारी) करणारी जोडणी घेतली. कारण आमचे मांडव. खेड्यातल्या लग्नात वीज कुठून ओढलेली असते ते साउंडवाल्यालाही ठाऊक नसतं, अर्थिंगच्या नावानं बोंब, आणि स्टेजच्या दोन्ही अंगांना एलईडी पार लाइट. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. स्ट्रिंगचं कंपन पकडतात तसेच ते जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा 50 हर्ट्झचा घूंकारही पकडतात. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी 1955 साली पेटंटसाठी अर्ज केला तो याच्याच उपायासाठी: दोन कॉइल, चुंबकाचं टोक उलट, वेढेही उलट. त्यामुळे स्ट्रिंगचा आवाज जुळतो आणि घूंकार एकमेकांत विरतो. स्प्लिट केलं की ही सोय तुम्ही स्वतःच्या हातानं बंद करता. पॅरललमध्ये दोन्ही कॉइल चालू राहतात, आवाज पातळ आणि उजळ होतो, सिंगलच्या बराच जवळ जातो, आणि शांत राहतो. अस्सल सिंगलचा कडकडीतपणा थोडा कमी पडतो हे खरं, पण मांडवात तो फरक पहिल्या रांगेतल्यालाही कळत नाही. घूंकार मात्र स्वयंपाकाच्या मांडवापर्यंत पोचतो.

एका कार्यक्रमात साउंड चेक झाल्यावर साउंडवाला स्टेजवर चढून आला. ‘ओ सर, गिटारला काय केलासा? हम गेलाय की!’ त्यानं आधी केबलच हलवून बघितली, जॅक निघालाय असं वाटून.

पॅरललमध्ये एक गोष्ट सुटते तीही सांगतो. स्प्लिट असतं तर ब्रिज आणि मधला एकत्र लावल्यावर हम मरू शकला असता, कॉइल बरोबर निवडली असेल तर. माझ्या गिटारीत त्या खटक्यावर मधल्या पिकअपचा थोडा हम राहतो. मी तो खटका फारसा वापरत नाही. तुम्ही वापरत असाल तर तुमच्यासाठी स्प्लिटच बरा.

सोल्डर करण्याआधी फेज, म्हणजे सगळे पिकअप एकाच दिशेनं जोडलेत ना, ते तपासा. रिपेरीच्या दुकानात अजून काट्याचा मीटर असतो, डिजिटलवर हे नीट दिसत नाही. पिकअपच्या दोन तारा मीटरला ओहमवर लावायच्या, काटा एका जागी येऊन थांबतो. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पिकअपच्या खांबांवर टेकवायचं. काटा क्षणभर एका बाजूला झटका देतो, स्क्रूड्रायव्हर उचलला की दुसऱ्या बाजूला. तिन्ही पिकअपवर टेकवताना झटका एकाच बाजूला यायला हवा. एखादा उलटा निघाला तर त्याच्या तारा अदलाबदल करायच्या. नाहीतर दोन पिकअप एकत्र लावले की आवाज डब्यातून आल्यासारखा बारीक होतो, आणि लोक दोष पिकअपला देतात.

तांब्याच्या टेपचं शिल्डिंगही केलं. त्याबद्दल फार गैरसमज आहेत. लाइट आणि डिमरमुळे येणारी चरचर शिल्डिंगनं कमी होते, 50 हर्ट्झचा घूंकार होत नाही, त्याला हंबकरच हवा. साध्या टेपचा गोंद वीज वाहू देत नाही, म्हणून प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्यावाच लागतो. पावसाळ्यात काही कोपरे सुटले होते, पण ठिपके पक्के असल्यानं चरचर परत आली नाही. ज्या जॅकवर इतकी मदार, तो मात्र दमटपणानं काळा पडला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर सुधारला. आता केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि कार्यक्रमानंतर स्ट्रिंगा पुसल्याशिवाय गिटार आत जात नाही.

खटकणाऱ्याही गोष्टी आहेत. घामेजल्या हातानं पुश-पुल उपसताना नॉब घसरतो, भर गाण्यात तर हमखास. नॉबखाली रबरी रिंग अडकवून बघितली, थोडा फरक पडला. पुश-पुल खोल असतो, त्यामुळे पिकगार्डखालच्या पोकळीची खोली आधीच मोजा. इंपोर्टेड पॉटच्या दांड्याला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, स्वस्त गिटारीचं त्याहून लहान असतं, रिमरनं वाढवावं लागतं. व्हॉल्यूम कमी केला की आवाज मठ्ठ व्हायचा, म्हणून 150 किलोओहमचा रेझिस्टर आणि एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडून घेतला. उजळपणा टिकला, पण नॉब आता पूर्वीइतका सावकाश फिरल्यासारखा वाटत नाही. सवय होते.

जुने पिकअप उद्यमबागेत मोटर वाइंडिंगवाल्याकडून पुन्हा गुंडाळून घ्यावेत ही कल्पना कुणाला सुचत असेल तर राहू द्या. त्यांची तार कितीतरी जाड, पिकअपची 42 गेजची. आमच्या ओळखीच्या एकानं ती बघूनच हात जोडले. गिटार मिरजेला न्यावी असंही कुणीतरी सुचवलं होतं. तिथले कारागीर सतार-तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, काढून देण्यात उस्ताद, आणि आपल्याला गिटारीत नेमकी तीच नको असते. नटचं (नेकच्या टोकाची स्ट्रिंगांची खाचपट्टी) आणि फ्रेटचं (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) काम ज्यानं गिटारी हाताळल्यात त्याच्याकडूनच करून घ्या.

खर्च सगळा मिळून गिटारीच्या निम्म्या किमतीच्या आत बसला, त्यातला बराचसा हंबकरचा. ट्युनर आणि ट्रेमोलो (दांडीनं स्ट्रिंगांचा सूर हलवणारा ब्रिज) बदलले नाहीत. ट्रेमोलो मागून लाकडाचा तुकडा सारून बंद केलाय.

आणि एक गोष्ट वायरिंग करताना कुणी सांगत नाही. ब्रिजची ग्राउंड तार लावली की स्ट्रिंगा अँपच्या अर्थशी जोडल्या जातात. अँप एका लाइनवर आणि मिक्सर दुसऱ्या, त्यात अर्थिंग नाही, अशा ठिकाणी गाता गाता ओठ माईकला लागला तर झटका बसतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. हम जावा म्हणून थ्री-पिनची वरची जाड अर्थची पिन काढणारे आजही भेटतात. तसलं करू नका. गिटार गळ्यात घालण्याआधी टेस्टर स्ट्रिंगेला आणि माईकच्या जाळीला लावून बघा. दिवा पेटला तर साउंडवाल्याला सांगून अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्यायला लावा, पुन्हा तपासा, आणि तरीही पेटत असेल तर सरळ वाजवायला नकार द्या.