कमी उजेडातला चेहरा आणि लाइटरूम क्लासिकचं मास्किंग

एकाच दिव्याच्या उजेडात काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये विषय चेहरा असतो, पण नजर आधी तिथे जातेच असं नाही. ती मागच्या पेटत्या बल्बवर अडकते, पांढऱ्या बाहीवर थबकते, नाहीतर कोपऱ्यातल्या लाल उशीकडे वळते. अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादन सॉफ्टवेअरचं मास्किंग, म्हणजे फोटोचा एखादाच भाग निवडून फक्त त्यावर बदल करण्याची सोय, ही नजर चेहऱ्यावर आणायला कितपत कामाचं आहे, एवढंच इथे तपासलं आहे. काम उत्तम होतं. मात्र त्याचं बरंचसं श्रेय साध्या, जुन्या रेडियल ग्रेडियंटला, म्हणजे मऊ कडेच्या लंबवर्तुळाने भाग निवडण्याला, आहे. एका क्लिकमध्ये माणूस निवडून देणारी बटणं मदतनीस म्हणूनच चांगली.

सध्याचं मास्किंग पॅनेल ऑक्टोबर २०२१ मध्ये ११व्या आवृत्तीत आलं आणि एकाच मास्कमध्ये बेरीज, वजाबाकी आणि छेद, म्हणजे ॲड, सबट्रॅक्ट आणि इंटरसेक्ट, शक्य झालं. वर्षभराने १२व्या आवृत्तीत सिलेक्ट पीपल आलं: चेहऱ्याची त्वचा, शरीराची त्वचा, भुवया, डोळ्यांचा पांढरा भाग, बुबुळ, ओठ, दात, केस, कपडे असे भाग वेगवेगळे निवडता येतात.

मास्कला हात लावण्याआधी दोन कामं उरकावीत. पहिलं डीनॉइज, म्हणजे कमी उजेडात फोटोवर येणारे दाणे (नॉइज) घालवणं. ते रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या, फाइलवरच चालतं; जेपेगसाठी जुना ल्युमिनन्स स्लायडर वापरावा लागतो. ५० हा त्याचा मूळ आकडा पोर्ट्रेटला बहुतेक वेळा जास्त होतो. ३० ते ४० वर त्वचेची रंध्रं शिल्लक राहतात. ७० च्या पुढे गाल मेणाचा दिसू लागतो. दुसरं काम व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे फोटोचा पिवळा-निळा कल ठरवण्याचं. पिवळ्या दिव्यातली त्वचा पूर्ण तटस्थ करू नये, थोडी ऊब राहू द्यावी. मागे दुसऱ्या रंगाचा उजेड असेल तर तो पुढे मास्कमध्ये वेगळा सांभाळता येतो, पण तिथला टेम्प, म्हणजे रंगाच्या उबेचा, स्लायडर केल्विन या एककात नसतो, मूळ रंगापासून कमी-जास्त असा चालतो.

आता नजर नेमकी कुठे अडकते ते शोधायचं. फोटो फिल्मस्ट्रिपमध्ये अगदी लहान करून पाहा; सगळ्यात आधी दिसणारा ठिपका चेहरा नसेल, तर तोच तुमचा अडथळा. मग डेव्हलप या संपादनाच्या विभागात ‘व्ही’ दाबून फोटो कृष्णधवल करा. लाल उशी आता खुपत नसेल तर तिचा दोष रंगाचा आहे: सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) −३० ते −४० करा, एक्सपोजरला (उजेडाला) हात लावू नका. कृष्णधवलमध्येही खुपत असेल तर उजेड कमी करा. ही एक तपासणी पुढची निम्मी चुकीची मेहनत वाचवते. पुन्हा ‘व्ही’ दाबला की रंग परत येतात.

सर्वसाधारण चूक म्हणजे चेहऱ्यावर मास्क टाकून एक्सपोजर +१.५ करणं. अंधारात सेन्सरने मुळात कमी प्रकाश टिपलेला असतो; तो भाग दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) उचलला की नॉइज आणि रंगांचे डागही उचलले जातात. उलट आजूबाजूचा भाग पाऊण स्टॉप उतरवला तर नॉइज वाढत नाही, आणि चेहरा तेवढाच उजळ भासतो. म्हणून उतरवणं आधी, उचलणं शेवटी, आणि तेही +०.३ ते +०.५ इतकंच.

उतरवण्यासाठी ‘शिफ्ट’ आणि ‘एम’ दाबून रेडियल ग्रेडियंट घ्या. लंबवर्तुळ डोक्याच्या वरपासून छातीच्या मध्यापर्यंत ओढा आणि प्रकाश ज्या दिशेने येतो तिकडे थोडं कलतं ठेवा. फेदर (कडेचा मऊपणा) ८० ते १००, इन्व्हर्ट चालू, म्हणजे परिणाम लंबवर्तुळाच्या बाहेर, एक्सपोजर −०.७. इफेक्ट्समधलं व्हिनेट, म्हणजे कडा काळवंडवणारा परिणाम, इथे कामाचं नाही, कारण त्याचा केंद्रबिंदू क्रॉपच्या (कापून उरलेल्या चौकटीच्या) मध्यावर असतो. चेहरा चौकटीच्या एका बाजूला असेल तर व्हिनेट त्यालाच काळवंडतं. दोन्ही लावलेत तर दोघांचा परिणाम एकमेकांवर चढतो आणि कोपरे अकारण ठार काळे होतात.

या ग्रेडियंटमधून सिलेक्ट सब्जेक्ट, म्हणजे आपोआप निवडलेला माणूस, वजा करण्याचा मोह होतो. तो टाळावा. वजाबाकीनंतर पांढरा शर्ट, हात, गुडघे सगळे चेहऱ्याइतकेच उजळ राहतात, आणि केसांच्या कडेने फिकट वलय उमटतं. कमी उजेडात काळे केस आणि काळी पार्श्वभूमी यांची सीमा कॅमेऱ्यालाच नीट दिसलेली नसते. मास्क ती अंदाजाने आखतो. दिव्याचा उजेड माणसाच्या बाह्यरेषेशी थांबत नाही, तो खांद्यावरून हळूहळू विरत जातो. रेडियलचं मोठं फेदर तसंच वागतं, म्हणून ते खरं वाटतं.

सिलेक्ट बॅकग्राउंड मात्र इथे खरोखर उपयोगी आहे. ते घ्या, ‘ऑल्ट’ धरून इंटरसेक्ट निवडा, त्यात ल्युमिनन्स रेंज (उजेडाच्या पातळीनुसार निवड) घ्या आणि फक्त वरचा उजळ पट्टा ठेवा. ‘ओ’ दाबून निवडलेल्या भागावरचं रंगीत आच्छादन तपासा. मग हायलाइट्स (उजळ छटा) −५०, क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव) −१५. बल्ब पूर्ण पांढरा जळलेला असेल तर तिथे तपशील नाहीच. एक्सपोजर उतरवलं की तो राखाडी, मेलेला दिसतो. असा बल्ब क्रॉपने बाहेर काढावा किंवा तसाच राहू द्यावा.

चेहऱ्यासाठी सिलेक्ट पीपल वापरताना एक खाच आहे. नुसती चेहऱ्याची त्वचा निवडली तर डोळे आणि ओठ मास्कच्या बाहेर राहतात. त्वचा उजळते आणि डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. मानही सुटते, कारण ती शरीराच्या त्वचेत मोजली जाते, आणि चेहरा मुखवट्यासारखा वेगळा पडतो. हे सगळे भाग एकत्र निवडा आणि त्यांचा छेद एका मऊ रेडियलशी घ्या. चेहऱ्याची सावलीतली बाजू उचलू नका; चेहऱ्याची खोली त्याच सावलीने येते. बुबुळांना वेगळा मास्क, एक्सपोजर +०.४. दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग यांना वेगळा मास्क पहिल्या फेरीत देऊच नये. बाजूने टिपलेला किंवा अर्धा अंधारात बुडालेला चेहरा ओळखला गेला नाही तर ब्रश घ्या: फ्लो (एका फटक्याचा जोर) १५ ते २०, मोठा फेदर.

मग मास्कच्या अमाउंट या स्लायडरने सगळा परिणाम एकदम कमी करून पाहा. बहुतेक वेळा १०० पेक्षा ७० च बरा दिसतो. स्क्रीन फार प्रखर ठेवून हे ठरवू नका, छापील प्रत काळी येते.

निर्यातीत एक अडचण येते. गडद ग्रेडियंट ८ बिट जेपेगमध्ये पट्ट्यापट्ट्यांचा दिसू शकतो, आणि डीनॉइजने गुळगुळीत झालेल्या भिंतीवर तर हमखास. इफेक्ट्समधून ग्रेन (कृत्रिम दाणे) १० च्या आसपास दिला की पट्टे मोडतात. फाइल पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार असेल तर १६ बिट टिफ काढा.