कान वाजतात आणि डिप्रेशनची गोळी सुरू आहे: चालू ठेवायची, कमी करायची की बदलायची?

डिप्रेशनच्या गोळीने कान वाजू शकतात का? हो. पण गोळी चुकल्यानेही वाजतात, आणि या दोन्हींवरचा उपाय अगदी उलटा आहे. म्हणून गोळी बंद करण्याआधी तारखा कागदावर मांडा: गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, कधी चुकला, आवाज कधीपासून आहे.

गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, दोन्ही कानांत शीं आवाज येऊ लागला तर गोळीवर संशय घ्यायला जागा आहे. स्ट्रिप संपली, दोन-तीन दिवस खाडा झाला आणि कानातल्या आवाजासोबत चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके असतील, तर तो गोळीत खंड पडल्याचा परिणाम. पूर्वीचा डोस पुन्हा सुरू झाला की हा त्रास बहुधा काही दिवसांत ओसरतो. डिप्रेशनच्या औषधांपैकी व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा खाडा जास्त जाणवतो. फ्लुओक्सेटिन मात्र आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. त्यामुळे ते बंद करून दोन दिवसांत कान शांत झाला नाही, तर 'गोळीचा संबंध नव्हता' असा निष्कर्ष काढू नका.

तोच डोस वर्षभर चालू आहे, आणि आवाज विसर्जनाच्या डीजेनंतर किंवा रबाळे-तुर्भ्याच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर काही वर्षं काढल्यावर सुरू झाला, तर गोळी बदलून हाती काही लागणार नाही. तिथे ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे) कानातला मळ पाहून घेणं आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करणं आधी.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. युरोपातल्या माहितीपत्रकांत सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिनपुढे कान वाजण्याचं प्रमाण १०० पैकी १ ते १० जणांचं दिलंय, एसिटालोप्रामपुढे १००० पैकी १ ते १०. ब्युप्रोपिऑन या डिप्रेशनच्याच दुसऱ्या औषधाच्या चाचण्यांत ३०० मिलिग्रॅमवर ६ टक्के लोकांनी ही तक्रार केली, औषध नसलेल्या गोळीवर २ टक्क्यांनी. आधीच्या गोळीने वजन वाढतं किंवा लैंगिक इच्छा कमी होते म्हणून ब्युप्रोपिऑन मागून घेतलं जातं. कान आधीच वाजत असतील तर ही अदलाबदल करण्यापूर्वी डॉक्टरांना तसं सांगाच.

आता पर्याय. मन सावरलंय, झोप लागतेय आणि आवाज दहापैकी तीन-चारच्या वर जात नाही, तर आमच्या मते चार आठवडे तोच डोस चालू ठेवून रोज रात्री आवाजाला दहापैकी एक आकडा देऊन लिहून ठेवणं सर्वांत शहाणपणाचं. गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर पुष्कळदा हा आवाज आपोआप कमी होतो. निजताना खोली अगदी शांत ठेवू नका, पंखा चालू राहू द्या.

डोस वाढवल्यावरच आवाज आला असेल तर एक पायरी खाली येणं, उदाहरणार्थ सर्ट्रालिन १०० वरून ५०, हा मधला मार्ग. यात धोका एवढाच की उदासी परत डोकं वर काढू शकते, म्हणून हे डॉक्टरांना विचारूनच करा. दिवसाआड गोळी घेणं म्हणजे डोस कमी करणं नव्हे, त्याने औषधाचं प्रमाण सारखं वरखाली होतं. व्हेन्लाफॅक्सिनची एक्सआर कॅप्सूल किंवा पॅरोक्सेटिनची सीआर गोळी (दोन्ही औषध हळूहळू सोडणाऱ्या) चावायची-कुटायची नाही.

आवाजाने झोप उडाली असेल तर औषध बदलणं रास्त. जुनं हळूहळू उतरवत नवं चढवतात, आणि नव्याचा गुण दिसायला पुन्हा काही आठवडे लागतात. बदली म्हणून दिल्या जाणाऱ्या मिर्टाझापिनने झोप येते, पण भूक आणि वजन वाढतं.

एकदम बंद करणं हा यातला सर्वांत वाईट पर्याय. आपल्याकडे एक जास्तीची अडचण असते: एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम (घबराट कमी करणारं, झोप आणणारं औषध) ०.५ मिलिग्रॅम पुष्कळदा एकाच गोळीत दिलेलं असतं. ती सोडली की दोन औषधं एका दिवशी तुटतात, आणि क्लोनाझेपाम तुटल्यानेही कान वाजतात, फिटही येऊ शकते. म्हणून स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा.

डॉक्टरांकडे जाताना बाकीच्या गोळ्यांची यादीही न्या. जास्त डोसची ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं, यांनीही कान वाजतात. व्हेन्लाफॅक्सिनवर असाल तर बीपी मोजून घ्या, त्याने ते वाढू शकतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. तिथे पोहोचणं जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर कानाचा विषय बाजूला ठेवून आधी तिथे फोन करा.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर गोळीची चर्चा थांबवून त्याच दिवशी ईएनटी गाठा. त्यावर स्टेरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त, आणि दोन आठवडे उलटले की ती झपाट्याने कमी होते. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा किंवा फक्त एकाच कानात टिकून राहिलेला आवाजही स्वतंत्रपणे तपासून घ्यायचा.