बंद लॅपटॉपसाठी व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह: आठ महिने वापरल्यावर

लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नेला की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "डेटा पायजे का?" आणि लगेच दुसरं वाक्य, "फॉरमॅट मारा लागन." या दोन वाक्यांच्या मधली तपासणी घरीच करता यावी, एवढ्यासाठी हा पेनड्राइव्ह. आठ महिन्यांत, नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) धरून, तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या बऱ्याच लॅपटॉपना लावून झाला आहे.

व्हेंटॉय म्हणजे एकाच पेनड्राइव्हवरून अनेक प्रणाली सुरू करून देणारं सॉफ्टवेअर, आणि ते फुकट आहे. एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की पुढे फक्त आयएसओ फायली (अख्ख्या प्रणालीची एका फायलीतली प्रत) कॉपी करायच्या. सुरू होताना यादी दिसते, हवं ते निवडायचं. बसवताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, हे आधी लक्षात घ्या. मुख्य भाग एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, म्हणून ४ जीबीच्या वरची विंडोज ११ ची आयएसओ त्यात मावते. जुन्या फॅट३२ पद्धतीत ती जात नाही. सध्या यात विंडोज ११, हायरन्सचा पीई (पेनड्राइव्हवरूनच चालणारं, दुरुस्तीच्या साधनांचं छोटं विंडोज), लिनक्स मिंट, डिस्कची प्रत काढणारं क्लोनझिला, डेटा वाचवायच्या साधनांचं सिस्टमरेस्क्यू आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ आहेत. ३२ जीबीत सगळं बसतं, पण ६४ जीबीचा घ्या. ड्रायव्हर ठेवायला जागा लागतेच.

आधी मर्यादा. लॅपटॉपचा दिवाच लागत नसेल तर पेनड्राइव्ह खिशातच राहू द्या. चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जरवर चालू करून बघा. टाइप-सीवाल्या लॅपटॉपला मोबाइलचा २० वॅटचा चार्जर लावून "चार्ज होत नाही" म्हणणारे पुष्कळ; बहुतेकांना ४५ किंवा ६५ वॅटचा लागतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल तर कॅप्स लॉक दाबा. कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो म्हणजे मशीन जिवंत आहे. एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघा. तो दिवा ढिम्म असेल तर संशय रॅमवर. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत पिवळा दिवा २ वेळा आणि पांढरा ३ वेळा लुकलुकला तर रॅम सापडलेली नसते. २ आणि ७ असेल तर बिघाड पडद्याचा. रॅमला हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने पुसा आणि तिरपी घालून खटका लागेपर्यंत दाबा. कूलरसमोर महिनोन् महिने चालणाऱ्या लॅपटॉपचा एवढ्यानेच जीव परत येतो. ओलसर हवा आणि धूळ आत एकत्र जमली की पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. त्यामुळे कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर नको.

लोगो दिसायला लागला की पेनड्राइव्हचं काम सुरू. पेनड्राइव्हवरून सुरू करायचा मेनू आणायला डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसला एस्केप. एसरचा एफ१२ मेनू बऱ्याचदा बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) बंदच असतो, आणि सिक्युअर बूटचा (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारा) पर्याय आधी सुपरवायझर पासवर्ड टाकल्याशिवाय बदलता येत नाही. काम झालं की तो पासवर्ड काढून टाका, विसरलात तर नवी पंचाईत. सिक्युअर बूट चालू ठेवूनही व्हेंटॉय चालतं: पहिल्या वेळी निळा पडदा येतो, त्यात 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडून पेनड्राइव्हवरच्या व्हेंटॉयच्या छोट्या विभाजनातली (पार्टिशनमधली) की द्यायची आणि रीस्टार्ट करायचं. दर नव्या लॅपटॉपला हे एकदा करावं लागतं. ज्याला माहीत नाही तो तिथेच घाबरून मागे फिरतो.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, की हातात हवी. सिक्युअर बूट किंवा टीपीएमला (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपला) धक्का लागला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत हे कुलूप आपोआप लागलेलं असतं, मालकाला पत्ता नसतो. की त्या खात्यावर मोबाइलवरूनही बघता येते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. उपाय होता सेफ मोडमध्ये एक फाइल पुसण्याचा, पण अनेक ठिकाणी काम अडलं ते याच कीपायी.

या पेनड्राइव्हची खरी कमाई डिस्क तपासताना होते. हायरन्समध्ये डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर दुरुस्तीच्या सगळ्या आज्ञा विसरा आणि आधी डेटा काढा. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवर चेकडिस्क /आर चालवणं म्हणजे दम लागलेल्याला अंबाझरी तलावाभोवती पळवणं. सेक्टर वाचता येत नसतील तर सिस्टमरेस्क्यूमधल्या डीडीरेस्क्यूने दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर प्रत काढा. लॉग फाइल दिली असेल तर मधेच वीज गेली तरी काम पुढे चालू करता येतं. डिस्क ठीक असेल तर मिंटमधून साधं कॉपी-पेस्ट पुरतं. कधी मिंट विंडोजची डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. कारण फास्ट स्टार्टअप: 'शटडाउन' केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं. कॉपी काढायला तेवढं पुरे. जबरदस्तीने लिहायला जाऊ नका.

डेटा हाती आला की विंडोजकडे वळा. विंडोज ११ ची आयएसओ नेहमीच्या मोडमध्ये अडकली तर व्हेंटॉयमध्ये विमबूट मोड निवडा. पहिल्या पडद्यावर शिफ्ट+एफ१० दाबलं की आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडते. आंतरजालावर सगळीकडे बूटरेक /फिक्सबूट ही आज्ञा सांगतात. यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) लॅपटॉपवर ते हमखास 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' म्हणून परत पाठवतं. त्यापेक्षा डिस्कपार्ट या आज्ञेत फॅट३२ चं, साधारण १०० ते २६० एमबीचं ईएफआय विभाजन शोधून त्याला एस अक्षर द्या आणि बीसीडीबूट या आज्ञेने विंडोजच्या फोल्डरमधून बूटच्या फायली तिथे नव्याने टाका. पण इथे विंडोजचं विभाजन सी असेलच असं नाही, डी किंवा ई सुद्धा असतं. आधी फोल्डर बघून खात्री करा.

एक बिघाड मात्र भल्याभल्यांना चकवतो. जुन्या लॅपटॉपमधला ३ व्होल्टचा बटण सेल संपला की तारीख मागे जाते, हे सगळ्यांना ठाऊक. सोबत बायोसच्या बाकीच्या सेटिंगही मूळपदावर जातात. त्यात डिस्कचा मोड (लॅपटॉपने डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून रेड किंवा इंटेलच्या व्हीएमडीवर गेला, की काल चालणारं विंडोज आज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणतं. इथे फॉरमॅट मारणं म्हणजे सेलऐवजी घर बदलणं. मोड पूर्ववत करा, सेल नवा टाका. याच व्हीएमडीमुळे ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत विंडोज बसवताना डिस्क दिसतच नाही. इंटेलचा आरएसटी नावाचा डिस्क ड्रायव्हर, फायली सुट्या करून, पेनड्राइव्हवर ठेवलेला असेल तर तिथल्या तिथे देता येतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. डिक्कीत दुपारभर राहिलेला लॅपटॉप चार्जर लावूनही चार्ज होत नसेल तर तो बिघडला असं समजू नका. लिथियम बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग थांबवतात. सावलीत तासभर ठेवा, फ्रिजमध्ये अजिबात नाही. सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत बंद पडत असेल तर हायरन्समध्ये तापमान बघा. पण एकाच आकड्यावर भिस्त नको: ३० मे २०२४ ला नागपुरातल्या स्वयंचलित हवामान केंद्रानेही ५६ अंश दाखवले होते, आणि दोष सेन्सरचा निघाला.

तक्रारी दोन. पहिली पेनड्राइव्हबद्दल: सुरुवातीचा स्वस्तातला पेनड्राइव्ह सलग वापरात हाताला चटका लागेल इतका तापायचा आणि चौथ्या महिन्यात त्याच्यावर काही लिहिलंच जाईना. नाव घेत नाही, पण धातूच्या खोळीतला मोठा घ्या. दुसरी मेमटेस्टबद्दल: एका फेरीत चूक सापडली नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, रात्रभर चालू ठेवावं लागतं. चूक निघाली तर एकेक पट्टी वेगळी तपासा, मग खाचही बदलून बघा. रॅम बोर्डवरच जोडलेली असेल तर पुढचं काम चिप बदलणाऱ्या कारागिराचं.