स्वस्त ई-स्कूटर: बॅटरी भाड्याची की स्वतःची?

इलेक्ट्रिक स्कूटरच्या पानभर जाहिरातीत दोनच आकडे डोळ्यांत भरतात: किंमत आणि एका चार्जमधले किलोमीटर. 2021च्या जुलैत ओलाने 499 रुपयांत बुकिंग खुलं केलं, त्यातही मोठ्या अक्षरांत झळकला तो हाच आकडा. गाडी जवळपास लाखाची होती. स्वस्ताई खोटी असते असं नाही. कधी मोटर लहान असते, कधी बॅटरीच किमतीत धरलेली नसते.

लहान मोटरवाल्या गाड्यांचं चटकन सांगतो. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असेल तर लायसन्स लागत नाही, पासिंगही नाही. सपाट गावात दुकान-शाळा-बाजार एवढंच फिरणं असेल तर बिनधास्त घ्या. डबलसीट कात्रजचा घाट मात्र तिच्याने होणार नाही. आणि ‘लिमिट काढून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून उठून या. तसं केलं की नोंदणी, विमा, लायसन्स सगळंच लागू होतं.

खरा पेच पुढचा. 2025च्या जुलैत हीरोची विडा व्हीएक्स2 गो आली. बॅटरीसकट 99,490 रुपये. बॅटरी भाड्याने घेतली तर 59,490, वर किलोमीटरमागे 96 पैसे. (सुरुवातीच्या सवलतीत 59,490चा भाव आणखी खाली होता.) जाहिरातीत अर्थातच दुसरा भाव मोठ्या अक्षरांत. फरक 40,000चा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं भाडं 960 रुपये, म्हणजे साडेतीन वर्षांत वाचलेले पैसे संपले आणि बॅटरी अजून कंपनीचीच. महिन्याला 300 किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र भाड्याची परवडू शकते. फक्त किमान किती किलोमीटरचं भाडं धरलंय, ते कागदावर बघून घ्या. भाडं आणि वीज मिळून किलोमीटरला सव्वा-दीड रुपया पडतो. लिटरला 45 किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर 104 रुपये लिटरच्या दराने सव्वादोनच्या वर जाते. बचत आहे, पण जाहिरातीत दिसते तेवढी नाही.

बॅटरी विकतच घ्यायची ठरली तर बॅटरीत किती युनिट (किलोवॅट-तास) वीज मावते, त्या आकड्याने किमतीला भागा. विडा गोची बॅटरी 2.2 युनिटची, म्हणजे युनिटला 45 हजार. बजाजची चेतक 2901 जून 2024मध्ये 95,998ला आली तेव्हा बॅटरी 2.9ची होती: युनिटला 33 हजार. या हिशेबात चेतक सरस, माझाही कल तिकडेच. पण तिची बॅटरी गाडीतून निघत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहता, पार्किंगमध्ये प्लग नाही आणि सोसायटी परवानगी देत नाही, तर चेतक नको. विडाची बॅटरी काढून घरात चार्ज करता येते.

किलोमीटरचा आकडा चाचणीतला असतो. विडा गोच्या जाहिरातीतल्या 92 किलोमीटरमधले साधारण 65 धरून चाला, आणि ट्रायल मारायला जाताना रोज मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या.